साहित्य ज्याचे त्याचे, श्वास मात्र जोडीचा

पावसाळा सरून समुद्र निवळू लागला की मालिमच्या धक्क्यावरून आणि वास्को-बोगमाळोच्या बाजूने ग्रँड आयलंडच्या दिशेने बोटी सुटू लागतात. या बोटींतील बहुसंख्य प्रवासी आयुष्यात पहिल्यांदाच श्वसनयंत्र तोंडात धरणारे पर्यटक असतात. त्यांच्यासोबत रीतसर प्रशिक्षण घेतलेले, स्वतःच्या साहित्याची पिशवी खांद्यावर टाकून आलेले चार-दोन पाणबुडेही असतात. त्या पिशव्या उघडल्या की वैविध्याचे एक छोटे प्रदर्शनच मांडले जाते. एकाचे हवेचे जाकीट खिशाखिशांचे, कमरेभोवती लपेटणारे; दुसऱ्याच्या पाठीवर नुसता पोलादी पत्रा आणि त्याला जोडलेली फुग्यासारखी पिशवी. एकीच्या पायांत मधोमध चिरलेले मऊ फिन्स, दुसऱ्याच्या पायांत जाड काळ्या रबराचे. कोणी मास्कला स्नॉर्केल अडकवूनच उतरणार. दुसऱ्याच्या मते ती नळी म्हणजे पाण्याखाली गुंतण्याचे निमित्त. नमस्कार होतात, नावे विचारली जातात आणि मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकमेकांच्या साहित्याची परीक्षा सुरू होते.

अशी परीक्षा कोणत्या छंदात होत नाही? गिर्यारोहक एकमेकांचे बूट पाहतात, छायाचित्रकार एकमेकांच्या भिंगांवर बोलतात. पण डोंगरावर दुसऱ्याचे बूट आपल्याला न पटले तरी त्याने आपला श्वास अडत नाही. स्कुबा डायव्हिंगमध्ये दोन माणसे जोडीने उतरतात आणि एकाची हवा संपली तर दुसऱ्याच्या टाकीतील हवा घेऊन दोघे वर येतात. साहित्य वैयक्तिक मालकीचे असले तरी आणीबाणीच्या क्षणी ते दोघांचे होते. म्हणूनच या क्षेत्रातील सहिष्णुतेचा प्रश्न निव्वळ शिष्टाचाराचा राहत नाही. कोणती निवड ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडायची आणि कोणत्या निवडीची जोडीदाराला आधीच माहिती असायला हवी, याची सीमारेषा नीट आखता आली तरच ती सहिष्णुता कामाची.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गाग्नां यांनी मागणीनुसार हवा पुरवणारे 'ॲक्वालंग' हे उपकरण सिद्ध केले आणि पाण्याखाली मोकळेपणाने विहार करणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. टाकीतील प्रचंड दाबाची हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून तोंडाशी आणणारा रेग्युलेटर, तरंग सांभाळणारे हवेचे जाकीट म्हणजे बीसीडी, वजने, मास्क, फिन्स आणि दाबमापक एवढाच मूळ संसार. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून हवाही दुप्पट वेगाने खर्च होते. पुढे ब्रिटनमध्ये १९५३ साली ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब, १९५९ साली कुस्तो ज्याचे पहिले अध्यक्ष होते तो 'सीमास' हा जागतिक महासंघ आणि १९६६ साली अमेरिकेत 'पाडी' अशा संस्था उभ्या राहिल्या. प्रत्येकीने आपापला अभ्यासक्रम केला, आपापल्या खुणा व सवयी रूढ केल्या. आज ग्रँड आयलंडच्या बोटीवर एकत्र आलेले दोन पाणबुडे दोन वेगळ्या घराण्यांत शिकलेले असू शकतात. संगीतातील घराण्यांप्रमाणे इथेही आपल्या गुरूने सांगितले तेच शास्त्र, बाकी सारे बेसूर, अशी भावना बळावते.

वास्तविक साहित्याची निवड गुरूपेक्षाही अधिक पाणी करते. गोव्याचेच पाहा. मांडवी आणि जुवारी गाळ घेऊन समुद्रात उतरतात. त्यामुळे ग्रँड आयलंडच्या परिसरात पुष्कळदा चार-पाच मीटरांपलीकडचे धूसर होते. पाणी मात्र उबदार. त्यामुळे इथे जाड पोशाखापेक्षा जोडीदाराला चटकन दिसेल असे भडक रंगाचे फिन्स अधिक उपयोगी पडतात. मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणीला किंवा लक्षद्वीपला गेलेला तोच पाणबुडा निर्मळ पाण्यात वेगळी तयारी करील आणि तेही योग्यच असेल.

याचे दुसरे टोक पाहायचे तर एकेकाळी आपल्याच संघप्रदेशात असलेल्या दमणच्याही उत्तरेला, सुरतेकडे जावे लागेल. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणारा रस्ता इच्छापोरवरून जातो. हिरे-दागिन्यांच्या उद्योगासाठी वसवलेल्या वसाहतीमुळे हे नाव अलीकडे अनेकांच्या कानावर आले आहे. इच्छापोरच्या पुढे तापीचे मुख आणि खंबातचे आखात. या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वाधिक असतो. गोव्यात तो दोन मीटरांच्या आसपास, तर भावनगरच्या बाजूला दहा मीटरांहूनही अधिक. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते आणि बाहेर पडते, तेव्हा प्रवाह नदीच्या पुरासारखा धावतो आणि तळाचा गाळ सतत ढवळलेला राहतो. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००१ साली हजिऱ्याच्या पश्चिमेला समुद्रतळाशी मानवी वसाहतीसारख्या आकृत्या आढळल्याचे जाहीर केले तेव्हा देशभर चर्चा झाली. त्या आकृत्या ध्वनिलहरींच्या साहाय्याने टिपल्या होत्या आणि वस्तू तळ खरवडून वर काढलेल्या होत्या. पाणबुड्याने डोळ्यांनी पाहून, मोजमाप करून उचललेल्या नव्हत्या. अनेक पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप नेमका याच ठिकाणी होता. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी पडली होती हे कळल्याशिवाय तिचा अर्थ कसा लावणार?

अशा आंधळ्या, वेगवान पाण्यात जेट्टी व नळवाहिन्यांची कामे करणारे व्यावसायिक पाणबुडे असतात, पण त्यांच्याकडे 'माझी आवड' हा शब्दच नसतो. हवा पृष्ठभागावरून नळीने येते, डोक्यावर शिरस्त्राण, कानात वरच्या पर्यवेक्षकाचा आवाज. खाली कोण उतरले आहे यावर साहित्य बदलत नाही, कारण वर बसलेल्या माणसाला न पाहता त्याच्या प्रत्येक व्हॉल्व्हची जागा ठाऊक असावी लागते. इच्छापोरपलीकडच्या पाण्यात एकरूपता हा हट्ट नसून कामाची अट आहे. तीच अट ग्रँड आयलंडच्या सात-आठ मीटरांच्या खडकाळ उथळात, रविवारी मासे पाहायला आलेल्या माणसावर लादली तर ती निव्वळ दंडेली ठरेल.

सहिष्णुतेचा हा वाद जगात सर्वाधिक तापला तो अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पाण्याने भरलेल्या गुहांमुळे. तिथे वर छत असते. गडबड झाली तर सरळ वर येण्याची सोय नाही. हवेचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेला हिस्सा संकटासाठी राखून ठेवायचा, हा तिथला जुना दंडक. तो राखीव हिस्सा खरे तर जोडीदाराला बाहेर आणण्यासाठीच असतो. विल्यम हॉगार्थ मेन या गुहा-पाणबुड्याने साहित्यातील प्रत्येक अनावश्यक वस्तू काढून टाकणारी मांडणी विकसित केली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. वुडव्हिल परिसरातील गुहांचा शोध घेणाऱ्या गटाने ती काटेकोर नियमांत बांधली. सर्वांचे साहित्य एकसारखे, म्हणजे अंधारातही कोणाचाही हात योग्य जागी जाईल. जॅरॉड जाब्लॉन्स्की यांनी १९९८ साली स्थापन केलेल्या 'ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स' या संस्थेने हा विचार सामान्य पाणबुड्यांपर्यंत नेला. तर्क अचूक होता. अडचण नावाने केली. या पद्धतीला 'डुइंग इट राइट', म्हणजे 'बरोबर करणे', असे म्हटले गेले. आपले बरोबर म्हटल्यावर उरलेल्या जगाचे काय, हे सांगावे लागत नाही. त्या वर्तुळात इतरांसाठी एक हेटाळणीचा शब्दही रूढ झाला आणि कित्येक वर्षे साहित्याची चर्चा म्हणजे पंथांची भांडणे असे स्वरूप आले. गंमत अशी की त्या पंथाच्या अनेक चांगल्या गोष्टी पुढे इतरांनी गाजावाजा न करता उचलल्या. शिवी न देता सांगितल्या असत्या तर कदाचित लवकर उचलल्या गेल्या असत्या.

या वादाचा गाभा असलेला रेग्युलेटरचा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. सर्वसाधारण पाणबुड्याकडे तोंडातील रेग्युलेटरखेरीज एक पिवळा, जादा रेग्युलेटर छातीशी अडकवलेला असतो. त्याला 'ऑक्टोपस' म्हणतात. हवा संपलेल्या जोडीदाराने तो घ्यायचा. दुसऱ्या पद्धतीत पाणबुडा आपल्या तोंडातील, सुमारे दोन मीटर लांब नळीचा रेग्युलेटर काढून जोडीदाराला देतो आणि गळ्यात रबरी दोरीने लटकलेला आपला जादा रेग्युलेटर स्वतः तोंडात घालतो. या पद्धतीमागचा युक्तिवाद असा की घाबरलेला माणूस पिवळ्या रंगाचा शोध घेत बसत नाही, समोरच्याच्या तोंडात जे चालू दिसते तेच ओढतो. मग तेच देण्याचा सराव का करू नये? शिवाय ते चालू आहे याची खात्रीही असते. पहिल्या पद्धतीची बाजू अशी की ती सर्वत्र शिकवली जाते, भाड्याच्या साहित्यातही तशीच मिळते आणि हवा देणाऱ्याला आपला श्वास क्षणभरही सोडावा लागत नाही.

दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ते दोघांनी वेगवेगळ्या पद्धती गृहीत धरून, एकमेकांशी न बोलता उडी मारणे. हवा संपलेला हात छातीवर पिवळे काही चाचपडत राहतो आणि समोरचा तोंडातला रेग्युलेटर पुढे करीत असतो. पंधरा मीटर खाली ते चार सेकंद फार मोठे असतात. बोटीवर यासाठी लागणारे संभाषण तीन वाक्यांचे असते. माझा जादा रेग्युलेटर इथे आहे, मी तुला हा देईन, वजने सोडायची ती अशी. पण ज्या बोटीवर आधीच एकमेकांच्या साहित्यावर नाके मुरडून झाली आहेत, तिथे ही तीन वाक्ये बोलली जात नाहीत. असहिष्णुतेची खरी किंमत इथे मोजावी लागते.

जाकिटाचे आणि फिन्सचे वाद तुलनेने किरकोळ आहेत, जरी चहाच्या टपरीवर सर्वाधिक वेळ त्यांच्यावरच जातो. कमरेभोवती फुगणारे जाकीट पृष्ठभागावर माणसाला ताठ धरते, नवख्याला धीर देते. पाठीवरची पिशवी पाण्याखाली शरीर आडवे ठेवायला मदत करते, मात्र वर आल्यावर जास्त फुगवली तर तोंडावर ढकलते. ज्याला जे सोसेल ते त्याने घ्यावे. फिन्सचेही तसेच, पण एक पुस्ती जोडून. फिन्स कोणतेही असोत, ते कसे मारले जातात याचा संबंध मागून येणाऱ्यांशी असतो. तळाशी जवळ राहून पाय वर-खाली झाडणारा पाणबुडा गाळाचा असा लोट उठवतो की मागच्यांना भिंतीसमोर उभे केल्यासारखे होते; बेडकासारखे पाय आडवे मारणारा तो टाळू शकतो. प्रवाळावर गुडघे टेकून छायाचित्र काढणाऱ्याची 'शैली' ही शैलीच नव्हे. प्रवाळाने त्याला संमती दिलेली नाही. कॅमेरेवाल्यांबद्दल आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते. एका शिंपल्यासमोर ते पंधरा मिनिटे थांबतात आणि जोडीदार गारठत बसतो. दोन कॅमेरेवाल्यांची जोडी लावणे हा जुना आणि शहाणा तोडगा आहे.

याउलट अगदी क्षुल्लक वाटणारा एक फरक खरोखर घातक ठरू शकतो. युरोपीय पद्धतीचे दाबमापक 'बार'मध्ये हवा दाखवते, अमेरिकी पद्धतीचे 'पीएसआय'मध्ये. भरलेली टाकी एकीकडे २००, दुसरीकडे सुमारे ३०००. आता वाटाड्याने खुणेने विचारले, हवा किती? पाहुण्याने बोटांनी 'एक' आणि 'पाच' दाखवले. त्याच्या मनात १५०० पीएसआय, म्हणजे सुमारे १०० बार, अर्धी टाकी. वाटाड्याने वाचले १५० बार, म्हणजे टाकी अजून पाऊण भरलेली. दोघांपैकी कोणीही चूक केलेली नाही आणि तरीही हिशेब चुकला. खुणांचेही असेच. अंगठा वर करणे याचा बोटीवर अर्थ 'उत्तम', पाण्याखाली अर्थ 'वर चला'. मासे पाहून हरखलेल्या पर्यटकाने अंगठा दाखवावा आणि वाटाड्याने मुकाट्याने त्याला वर आणावे, हा प्रसंग पर्यटकांच्या बोटींवर नवा नाही. तर्जनी आणि अंगठ्याचे वर्तुळ म्हणजे 'ठीक' हे बोटीवरच दोनदा करून घेतले की काम भागते.

मनगटावरच्या डाइव्ह संगणकांचीही मते भिन्न असतात. शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब प्रत्येक कंपनीचे उपकरण आपापल्या सूत्राने करते. त्यामुळे एकाच जोडीतील दोन संगणक एकाच खोलीवर वेगवेगळा शिल्लक वेळ दाखवू शकतात. इथे कोणाचे उपकरण महागडे यावर वाद घालण्याचे कारण नाही. ज्याचे उपकरण कमी वेळ दाखवते त्याच्या वेळेने दोघे वर येतात. सहिष्णुतेचे इतके सोपे सूत्र जमिनीवरच्या व्यवहारात क्वचितच सापडेल, असे आपले वाटून जाते.

आज ज्याला सर्वमान्य म्हणतो तेही कधीकाळी पाखंड होते, याचे उदाहरण म्हणजे नायट्रॉक्स. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो ३२ किंवा ३६ टक्क्यांपर्यंत वाढवला की नायट्रोजन घटतो आणि मध्यम खोलीवर अधिक वेळ राहता येते; मात्र ऑक्सिजनच खोलवर विषारी ठरत असल्याने ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण ३३ मीटरांची मर्यादा पडते. शास्त्रज्ञ हे मिश्रण वापरीत होते, तरी १९९०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील डायव्हिंग उद्योगाच्या मोठ्या प्रदर्शनातून नायट्रॉक्स शिकवणाऱ्यांना दूर ठेवण्याचा निर्णय घेण्यात आला होता. 'सैतानी वायू' असे त्याचे बारसेही झाले होते. तो निर्णय टिकला नाही आणि काही वर्षांतच ज्यांनी विरोध केला त्यांच्याच धाटणीच्या संस्था नायट्रॉक्सचे प्रमाणपत्र देऊ लागल्या. एकट्याने उतरण्याचा प्रश्नही असाच. बहुतेक संस्थांना तो निषिद्ध; पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका संस्थेने जादा हवेचा स्वतंत्र साठा बाळगण्याची अट घालून त्याचा अभ्यासक्रमच सुरू केला. तो पटो वा न पटो, निदान लपूनछपून करण्यापेक्षा उघड चर्चा बरी.

आपल्याकडेही पाण्याखालच्या कामाच्या एकाहून अधिक परंपरा नांदतात. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी सुंची रीफच्या खडकांत पोर्तुगीजकालीन जहाजाचे अवशेष शोधले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, मातीच्या भांड्यांचे तुकडे अशा वस्तू तिथे मिळाल्या. त्या पाणबुड्याच्या हातात कॅमेऱ्याआधी मोजपट्टी आणि पाण्याखाली लिहिण्याची पाटी असते. लाटांच्या खेचाखेचीत एका जागी स्थिर राहायचे म्हणून तो हौशी माणसापेक्षा जड होऊन उतरला तर ते त्याच्या कामाला साजेसेच. आणि खडकांवरचे शिनाणे काढणारे आपले किनाऱ्यावरचे लोक पिढ्यानपिढ्या एका श्वासावर बुडी मारतात. त्यांच्यासमोर आपल्या रेग्युलेटरच्या मॉडेलची बढाई मारणाऱ्याने थोडे जपूनच बोलावे.

राहिला भाड्याच्या साहित्याचा प्रश्न, आणि गोव्यात तो सर्वांत मोठा. पहिल्यांदा उतरणाऱ्या पर्यटकाला निवड नसतेच. मिळेल ते जाकीट, मिळेल तो मास्क. त्याला बारा मीटरांपलीकडे नेत नाहीत आणि त्याचे सारे साहित्य प्रशिक्षकाच्या हातात असते, म्हणून ते निभावते. पण नुकतेच प्रमाणपत्र घेतलेला, अठरा मीटरांपर्यंत जाऊ शकणारा नवखा पाणबुडा बोटीवर सर्वाधिक एकाकी असतो. जाकीट दोन मापे मोठे आहे, हे सांगितले तर हसतील. मास्कमध्ये पाणी शिरते. चष्म्याचा नंबर असल्याने मापक वाचता येत नाही. बारीक अंगाच्या मुलीला पुरुषी मापाचा पट्टा कमरेवर ठरत नाही. जुने-जाणते आपल्या साहित्याच्या गप्पांत रंगलेले, नवख्याच्या स्वस्त मास्ककडे एक कटाक्ष टाकून झालेला. तो काही विचारत नाही आणि तसाच उडी मारतो. ज्याच्या निवडीची थट्टा होते तो आपली अडचणही सांगेनासा होतो. नंबरचा मास्क मिळतो, पट्ट्याचे वजन जाकिटाच्या खिशात घालता येते, लहान मापाचे जाकीट बहुधा त्याच बोटीवरच्या दुसऱ्या पेटीत असते. फक्त विचारायला तोंड उघडले पाहिजे.

याला जोडून गुहा-पाणबुड्यांची आणखी एक रीत इथे रुजायला हवी. कोणत्याही पाणबुड्याने, कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता बुडी थांबवावी आणि इतरांनी जाब विचारू नये, अशी ती रीत आहे. बोटीचे पैसे भरलेले, सुट्टीचा एकच दिवस, चार जण वाट पाहत असलेले, अशा वेळी 'मला आज बरे वाटत नाही' म्हणणे कठीण जाते. साहित्याच्या बाबतीत आपण उदार आहोत म्हणणाऱ्या मंडळींची कसोटी अशा वेळी लागते.

परस्परांची तपासणी मात्र कोणाच्याही आवडीवर सोडता येत नाही, मग साहित्य कितीही निराळे असो. जाकीट फुगते आणि रिकामे होते का, वजनांचा बंद कोणत्या हाताने सुटतो, जादा रेग्युलेटर कुठे आहे, मापक बारमध्ये की पीएसआयमध्ये, हे सारे पाहायला दोन मिनिटे पुरतात. टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आहे का हे पाहताना नुसता दाबाचा आकडा वाचून थांबू नये; जोडीदाराला रेग्युलेटरमधून तीन-चार खोल श्वास घ्यायला सांगून काट्यावर नजर ठेवावी. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलेला आहे.